नाल्याच्या वाटेने



माझ्यासारख्या माणसाला या व्यासपीठावर बोलावल्यावर तो कामगार कायद्यावर किंवा महागाई भत्त्यावर बोलणार, अशीच आपली समजूत असणार. चालकांचीही तीच होती. मी त्यांना विषय कळवला तेव्हा त्यांनी तो दोनदा विचारून घेतला. डोंगरातल्या ओढ्यानाल्यांच्या पात्रातून, पाणी पुन्हा पुन्हा ओलांडीत पायी जाणे, हा माझा आजचा विषय आहे. माझे शाळेतले शिक्षण सातवीत संपले. पुढचे मी नगरपरिषदेच्या वाचनालयात, रेल्वेच्या प्रतीक्षालयात आणि माणसांच्या संगतीत केले. त्या शिक्षणात जेवढा वाटा पुस्तकांचा आहे तेवढाच वाहत्या पाण्याचा आहे, म्हणून हा विषय घेतला. भत्त्यावर पुन्हा कधीतरी बोलू. तो प्रश्न कुठे पळून जात नाही.

प्रथम आपण कोठे राहतो ते पाहू. पावसाळा उलटला आणि हवा निवळली, की आपल्या गावाच्या उत्तरेला एक निळी रेघ दिसते. तो सातपुडा. दक्षिणेला अजिंठ्याच्या डोंगराची ओळ आहे, आपली नळगंगा तिकडून येते. या दोन डोंगरांच्या मधल्या खोलगट पट्टीतून पूर्णा वाहते, आणि पुढे चांगदेवाजवळ तापीला मिळते. सातपुड्याच्या अलीकडच्या अंगाचे पाणी, म्हणजे वान नदीसारख्या नद्यांचे पाणी, पूर्णेत येते. पलीकडच्या अंगाचे पाणी सिपना, गडगा, खापरा, खंडू, डोलार या नद्यांतून तापीत जाते. म्हणजे एकाच डोंगराच्या दोन उतारांवर पडलेला पाऊस दोन वाटांनी जाऊन चांगदेवाच्या देवळापाशी पुन्हा भेटतो. सिपना हा शब्द कोरकू आहे आणि त्याचा अर्थ साग असा आहे. कोरकू ही भाषा मराठीच्याही कुळातली नव्हे आणि गोंडीच्याही नव्हे. तिची बहीण संथाळी. आपल्या अंगणातल्या उत्तरेच्या भिंतीपलीकडे एक निराळीच भाषा बोलली जाते, आणि आपल्यापैकी कितीजणांनी तिचे दोन शब्द तरी कानांनी ऐकले आहेत?

सातपुड्याचा आपल्याकडचा उतार हळूहळू होत नाही. डोंगर एकदम सपाटीवर येऊन थांबतो. त्यामुळे डोंगरातून धावत येणारा नाला सपाटीवर पाय ठेवताच दमतो, आणि आणलेले गोटे, वाळू, रेती तेथेच टाकून देतो. पायथ्याला सर्वत्र असा गोट्यांचा पट्टा साठला आहे. भूगर्भशास्त्राची मंडळी त्याला बझाडा म्हणतात. त्यात पाणी मुरते. अकोट, तेल्हारा, जळगाव जामोदकडच्या संत्र्याच्या आणि केळीच्या बागा त्या मुरलेल्या पाण्यावर उभ्या आहेत. तेथून काही कोसांवर, पूर्णेच्या काठाने, खारपाणपट्टा सुरू होतो आणि विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही. एवढ्याशा अंतरात पाण्याची एवढी दोन टोके आहेत. गोट्यांच्या पट्ट्यातून चालताना नाला कोरडा दिसतो. डोंगराच्या तोंडाशी पोचलात की तोच नाला खळखळत समोर येतो. माझ्या विषयाची हद्द तेथून सुरू होते.

डोंगरात वाट म्हणजे बहुधा नालाच. दोन्ही बाजूंना कडे किंवा दाट रान असते. बांबू आणि करवंद यांतून माणूस वाट काढीत बसला तर दिवसाला मैलभरही जाणार नाही. म्हणून माणूस, गुरे आणि जनावरे सगळीच पात्राला धरून चालतात. पण नाला सरळ जात नाही. तो या कड्याला घासून जातो, मग त्या कड्याला. जेथे तो कड्याला भिडतो तेथे तुम्हाला चालायला जागा उरत नाही, आणि पाणी ओलांडून दुसऱ्या थडीला जावे लागते. पुढच्या वळणावर पुन्हा इकडे. पाच मैलांच्या वाटेत असे पंधरावीस वेळा होते. वानच्या खोऱ्यातून अकोला-खंडवा मीटरगेज लाइन वर चढत असे, तिने हीच अडचण पूल बांधून सोडवली. पायी जाणाऱ्याने ती पाय भिजवून सोडवायची.

आता या वाटांनी कोण गेले, ते पाहू. इतिहासाच्या पुस्तकात १८०३ सालची अडगावची लढाई असते. ते अडगाव म्हणजे आपले तेल्हारा तालुक्यातले. लढाई २९ नोव्हेंबरला झाली. पुढे इंग्रजांनी गाविलगड घ्यायचे ठरवले. गडाला दक्षिणेकडून भिडणे अवघड, उत्तरेकडून तोफा लावायच्या तर त्या डोंगराला वळसा घालून न्यायला हव्यात. स्टीव्हन्सनच्या फौजेने ७ ते १२ डिसेंबर या दिवसांत अवजड तोफा आणि सामान सुमारे तीस मैल, डोंगर आणि दऱ्याओहळ ओलांडीत नेले. आणि बहुतेक सारा रस्ता त्यांनीच फोडला. १५ डिसेंबरला गड पडला. वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला, त्याचे पुतळे उभे राहिले. तोफा ज्यांनी दोरांनी ओढल्या, ज्यांनी ओढ्याच्या गोट्यांत खांदा लावून चाके बाहेर काढली, त्या माणसांपैकी एकाचेही नाव मला कोठे वाचायला मिळाले नाही. मी नाव शोधतो ही माझी धंद्याची खोड आहे, ती आपण सांभाळून घ्या.

पाणी कसे ओलांडावे हे मला एका हमालाने शिकवले. बाजार समितीतला, माझ्याहून वीस वर्षांनी मोठा. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणत असू. क्विंटलाचे पोते पाठीवर घेऊन त्यांनी अर्धे आयुष्य काढले होते. १९६९ साली माथाडी कायदा झाला तेव्हा ते ऐन उमेदीत होते. तर मामांची रीत अशी. पोते घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणारा हमाल पाय कधी उचलून टाकीत नाही, सरकवतो. एक पाय दुसऱ्याच्या पुढून आडवा नेत नाही. पुढचा पाय पक्का बसल्याशिवाय मागचा हलवीत नाही. आणि पायाकडे पाहत नाही. मामा म्हणत, "भाऊ, पाण्याकडे पाहू नका. पाणी चालते, अन् आपल्याला वाटते आपणच चाललो. थडीकडे पाहा." ज्याने वाहत्या पाण्याकडे टक लावून पाहिले आहे त्याला ही घेरी ठाऊक आहे.

मामांची रीत मी नंतर पुस्तकांतून ताडून पाहिली. पाण्याचा रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट झाला की रेटा चौपट. माझ्यासारख्या माणसाच्या दोन पायांवर गुडघाभर पाण्यात, पाणी सेकंदाला एक मीटर जात असेल तर ढोबळ हिशेबाने सहासात किलोचा जोर पडतो. तो सहज पेलतो. तेच पाणी दोन मीटरने धावू लागले की पंचवीस किलोच्या वर. पाणी कमरेला आले की तो पुन्हा दुप्पट. आणि भानगड अशी की कमरेपर्यंत बुडालेल्या माणसाच्या तळपायावर त्याचे निम्मेच वजन पडते; बाकीचे पाण्याने उचललेले असते. म्हणजे ढकलणारा बळावतो तेव्हाच पाय रोवण्याची ताकद अर्धी होते. दगडांचे गणित त्याहून भयंकर आहे. वेग दुप्पट झाला की पाणी जो दगड लोटू शकते त्याचे वजन दुपटीने किंवा चौपटीने नाही, चौसष्ट पटीने वाढते. पुरात खालून गडगड आवाज येतो तो याचा. तो आवाज ऐकू आला की पाण्यात पाय घालायचा विचारही करू नये, मग ते घोट्याएवढे का दिसेना.

तेव्हा रीत अशी. गुडघ्यापर्यंत पाणी असेल तर जावे. मांडीला लागले आणि ओढ असेल तर थांबून विचार करावा. त्याच्या वर असेल आणि वाहते असेल तर जाऊ नये. ओलांडायची जागा अरुंद घेऊ नये. नवखा माणूस नेमकी अरुंद जागा निवडतो, कारण त्याला चार पावलांत सुटायचे असते. पण सारे पाणी त्याच अरुंद जागेतून जायचे असल्याने ते तेथे खोल आणि जोरकस असते. जेथे पात्र पसरट, पाणी उथळ आणि बडबडे, आणि खालच्या अंगाला धबधबा, डोह किंवा अडकलेली झाडे नाहीत, ती जागा. पायताण काढू नये; अनवाणी पाय शेवाळलेल्या गोट्यावरून घसरतो आणि दोन गोट्यांत अडकतो. तोंड प्रवाहाकडे, काठी वरच्या अंगाला रोवलेली, काठीवर थोडा भार, आणि खेकड्यासारखे आडवे सरकत, किंचित खालच्या दिशेने पलीकडे. पाठीवरच्या पिशवीचे कमरेचे बंद आधी सोडून ठेवावे, म्हणजे पडलोच तर ओझे टाकून सुटता येते. दोर अंगाला बांधून कोणालाही पाण्यात उतरवू नये. माणूस पडला की बांधलेला दोर त्याला पाण्याखालीच धरून ठेवतो. पाचसहाजण असाल तर एकमेकांना धरून घट्ट घोळका करावा, सगळ्यांत दणकट माणूस वरच्या अंगाला, हलकी माणसे त्याच्या आडोशाला.

हे झाले तंत्र. ते कोणालाही तासाभरात येते. खरा प्रश्न तंत्राच्या पुढचा आहे, आणि तो मला १९९५ सालच्या सप्टेंबरात कळला.

त्या वेळी धारणी तालुक्यातल्या काही वाड्यावस्त्यांवरचे कोरकू मजूर रोपवनाच्या निंदणीवर जात. त्यांच्या मजुरीचा घोळ आमच्या कानावर आला म्हणून मामा आणि मी निघालो. अकोल्याहून मीटरगेज गाडी धरली. धूळघाटापाशी ती लाइन डोंगर चढण्यासाठी पुरता एक वेढा घेऊन स्वतःच्याच रुळांना ओलांडीत असे. लहान मुलांसारखे आम्ही दोघे खिडकीतून ते बघत होतो. २०१७ च्या सुमारास ती गाडी बंद झाली. रुंद मार्ग व्याघ्रप्रकल्पातून नेऊ नये, बाहेरून आपल्या जिल्ह्याच्या कडेने न्यावा, असा पुढे निर्णय झाला, आणि तो वेढा इतिहासजमा झाला. धूळघाटला एक कोरकू गडी आम्हाला न्यायला आला होता. पुढे तीन तासांची नाल्याची वाट.

मी पंचविशीचा होतो, अंगात रग होती. प्रत्येक ओलांडणीला मी मोजत होतो: एक, दोन, तीन. आकाश स्वच्छ. पाणी पोटरीपर्यंत, काचेसारखे निर्मळ. आठ झाल्या. नववीला तो गडी काठावर उकिडवा बसला आणि पाण्याकडे पाहत राहिला. मी पाण्यात पाय घालणार तोच त्याने हाताने अडवले. तो हिंदीत बोलला. त्याचा अर्थ इतकाच की वर पाऊस झाला आहे, बसा. आमच्या डोक्यावर ढगाचा ठिपका नव्हता. मी विचारले, कशावरून? त्याने बोट दाखवले. पाण्यावरून सुकी पाने, काटक्या आणि थोडासा फेस वाहत येत होता. एवढेच. पाणी काठावर चढू लागले की आधी तेथली पडलेली पाने उचलते. ती पाने पाण्याच्या पुढे निरोप घेऊन येतात. आम्ही उंचावर जाऊन बसलो. पावएक तासात पाणी गढूळ झाले, मग चहासारखे, आणि अर्ध्या तासात जेथे मी पाय घालणार होतो तेथे छातीएवढे लोंढे जात होते. मागे आठवी ओलांडणीही तशीच झाली असणार हे सांगायला नको. पुढे नववी, मागे आठवी, आणि मधल्या दीडशे पावलांच्या उंचवट्यावर आम्ही तिघे. रात्र तेथेच काढली. मामांनी शिदोरीचे तीन वाटे केले.

सकाळी दहाच्या सुमारास पाणी उतरले. वस्तीवर पोचलो. मी मनातून ओशाळलो होतो, कारण आदल्या संध्याकाळची सभा ठरलेली आणि माणसे वाट पाहून गेली असतील. पण कोणी वाट पाहिलीच नव्हती. नाल्याला पाणी आल्याचे त्यांना आमच्याआधी कळले होते आणि सभा दुसऱ्या दिवशी होणार हे त्यांनी न सांगता समजून घेतले होते. त्या सभेत मजुरीचा घोळ काय ते उलगडले. कामाची जागा नाल्याच्या एका थडीला आणि निम्मी वस्ती दुसऱ्या थडीला होती. नाल्याला पाणी आले की पलीकडचे मजूर येऊ शकत नसत, आणि मुकादम हजेरीपटावर त्यांचा खाडा मांडी. पावसाळ्यात महिन्याला पाचसहा खाडे हे ठरलेले. काही जण खाडा चुकवायला पाण्यात उतरत. आदल्या वर्षी त्यात एक बाई गेली होती. ती निंदणीला निघाली होती. तिच्या कमरेला बांधलेले खुरपे नंतर खाली गोट्यांत सापडले. तिचा त्या दिवसाचाही खाडाच मांडलेला होता.

सभ्य श्रोतेहो, मी पंचवीसतीस वर्षे वाटाघाटी केल्या, पण असा हजेरीपट पुन्हा पाहिला नाही. मामा काही बोलले नाहीत. त्यांनी तो कागद घडी घालून परत दिला, आणि परतीच्या वाटेवर प्रत्येक ओलांडणीला थांबून तिची रुंदी काठीने मोजली. आम्ही त्या वाटेचा एक साधा नकाशा केला: किती ओलांडण्या, प्रत्येकीला किती पाणी आले की वाट बंद. मागणी एवढीच होती की नाला बंद असलेला दिवस खाडा धरू नये. ठेकेदाराचे नाव मी येथे घेत नाही. त्याची तेव्हाची भाषाही येथे सांगण्यासारखी नाही. 'पाऊस मी पाडतो काय?' हे त्यातले त्यातल्या त्यात सभ्य वाक्य. तीन पावसाळे गेले. शेवटी पुराच्या दिवशी निम्मी हजेरी मान्य झाली, आणि नाल्याला पाणी आहे की नाही हे मुकादमाने न ठरवता वस्तीतल्या दोन जाणत्या माणसांनी ठरवावे, हे मान्य झाले. निम्म्या मजुरीपेक्षा मला ही दुसरी गोष्ट मोठी वाटते. पाण्याबद्दल ज्याला कळते त्याचा शब्द कागदावर चढला.

त्या रात्री उंचवट्यावर बसून मी एक हिशेब शिकलो, तो सांगतो. दहा ओलांडण्यांची वाट ही एका ओलांडणीच्या दसपट अवघड नसते. ती निराळ्याच जातीची असते. एकच नदी आडवी असेल तर पाणी आहे की नाही बघावे आणि जावे किंवा परतावे. पण दहापैकी सात झाल्या की तुमच्या मागे सात दारे असतात, आणि पाऊस पडला की ती सारी एकदम लागतात. प्रत्येक ओलांडणी सोपी असते, म्हणून माणूस पुढे जात राहतो. आठवी सोपी होती म्हणून नववी करतो. परत फिरायचे तर त्या सगळ्या पुन्हा कराव्या लागणार, हे मनाच्या हिशेबात धरलेलेच नसते.

माझ्या धंद्यातल्या माणसाला येथे एक तारीख आठवल्याशिवाय राहत नाही. १८ जानेवारी १९८२. मुंबईतल्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांनी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू केला. मागण्या रास्त होत्या, असे माझे मत आहे. तो संप औपचारिकपणे कधीच मागे घेतला गेला नाही. महिने गेले, वर्ष गेले, आणि मागच्या एकेक ओलांडणीला पाणी चढत गेले. पुष्कळांच्या नोकऱ्या गेल्या त्या गेल्याच. डॉक्टरांना दोष देण्याइतका मी मोठा नाही, आणि मालकांना सोडून देण्याइतका भोळाही नाही. पण संपात उतरताना परतीची ओलांडणी कोणती आणि तिला पाणी कधी चढेल, हे आधी बघून ठेवावे लागते, हे मी त्यानंतरच्या माझ्या प्रत्येक लहानमोठ्या संपात पाळले. काही सहकाऱ्यांनी मला त्यासाठी भित्रा म्हटले. म्हणोत.

आणखी एका बाबतीत नाला माझ्या धंद्याच्या विरुद्ध शिकवतो. युनियनमध्ये बहुमत चालते; हात वर करा, मोजा, ठराव पास. पाण्यात बहुमत चालत नाही. दहांपैकी नऊजण 'जाऊ या' म्हणाले आणि एक म्हणाला 'मला भीती वाटते', तर जायचे नाही. आमच्या मंडळीत हा नियम आहे, आणि भिणाऱ्याला कारण विचारायचे नाही हाही आहे. कारण विचारले की तो लाजतो, आणि लाजून पाण्यात उतरतो. मंडळी फुटू द्यायची नाही हा तिसरा नियम. निम्मे पलीकडे आणि निम्मे अलीकडे, असे कधी होऊ द्यायचे नाही. १० ऑगस्ट १७६३ ला राक्षसभुवनला निजामअलीचे असेच झाले. तो सैन्याचा एक भाग घेऊन गोदावरीच्या पलीकडे, त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर उरलेल्या सैन्यानिशी अलीकडे, आणि मध्ये पावसाळ्यातली गोदावरी. मराठ्यांनी अलीकडच्यांना गाठले, विठ्ठल सुंदर पडला. पलीकडच्यांना मदत करता आली नाही. आपण मराठे म्हणून त्यात आनंद मानतो, ठीक आहे; पण चालणाऱ्या माणसाने तो धडा निजामाच्या बाजूने वाचावा.

हल्ली पुष्कळ तरुण मंडळी पावसाळ्यात डोंगरात जातात. मला त्याचा आनंद आहे. पण ३० जून २०२४ ला लोणावळ्याला भुशी धरणाच्या मागच्या ओढ्यात काय झाले ते आपण सर्वांनी पाहिले. एका कुटुंबातली माणसे, लहान मुलांसह, पाण्याच्या मधोमध एकमेकांना धरून उभी होती, पाणी चढत गेले, पाचजण गेले. काठावर माणसे होती, ती पाहत राहिली. त्या पाण्यात उतरणे कोणालाही शक्य नव्हते, हे मी वर जो रेट्याचा हिशेब मांडला त्यावरून कळेल. आणि दूर कशाला, २२ जुलै २०२३ ला आपल्याच जिल्ह्यात संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत सातपुड्याचे पाणी कसे उतरले, किती शेते खरडून गेली, हे येथे बसलेल्यांपैकी अनेकांनी भोगले आहे. डोंगर आपल्याकडे एकदम संपतो म्हणून पाणीही एकदम येते.

अर्थात आज सातपुड्यात वाटेल तेथे पायी जाता येत नाही, आणि ते योग्यच आहे. मेळघाट १९७३-७४ साली व्याघ्रप्रकल्प झाला; वान, नरनाळा आणि आपल्या संग्रामपूर तालुक्यातले अंबाबरवा ही अभयारण्येही आता त्याच्या छत्राखाली आहेत. वनखात्याच्या परवानगीवाचून तेथे पाऊल टाकू नये. त्या वाटांवर पहिला हक्क ज्यांचा, त्यांपैकी एकाची गोष्ट आपल्याला ठाऊक असेल. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरचा एक तरुण वाघ, गळ्यात रेडिओ कॉलर, जून २०१९ मध्ये निघाला आणि शेते, ओढे, रस्ते ओलांडीत, बहुतेक रात्री चालत, सुमारे तेराशे किलोमीटर फिरून डिसेंबरात आपल्या ज्ञानगंगा अभयारण्यात येऊन पोचला. त्याने किती ओलांडण्या केल्या असतील याचा हिशेब मी एका रात्री करायला बसलो होतो. बायकोने दिवा मालवला.

ज्यांना ही वाट चालून पाहायची आहे त्यांच्यासाठी सांगतो. आम्ही दरवर्षी डिसेंबरात पंधरावीसजण सांदण दरीला जातो. रेल्वेतले दोघेतिघे, जिनिंगमधले चार, एक मास्तर, आणि मामा होते तोवर मामा. मलकापूरहून इगतपुरी गाडीने, पुढे घोटी, भंडारदऱ्यावरून साम्रद. सांद म्हणजे फट. आणि सांदण ही जमिनीला पडलेली एक फटच आहे, जवळजवळ दोन किलोमीटर लांब, काही ठिकाणी दोनशे फुटांहून खोल आणि इतकी अरुंद की दोन्ही हात पसरावेत तर भिंतींना लागावेत. ऊन तळाशी फार थोडा वेळ पोचते. तेथे पाण्याचे दोन डोह आडवे आहेत, पहिला गुडघा-मांडीचा, दुसरा कमरेच्या वर, आणि पाणी डिसेंबरात असे गार की मास्तरांचे व्याकरण सुटते. डोह थांबलेल्या पाण्याचे आहेत म्हणून कमरेच्या वरही चालतात. वाहते असते तर मी कोणाला नेले नसते. डोहांच्या पुढे मोठमोठ्या शिळांचा पसारा, आणि खाली कोकणाकडे उतरायचे तर दोर लागतो. ते काम जाणत्यांचे. आम्ही कड्यापर्यंत जाऊन परत येतो. पावसाळ्यात ती फट म्हणजे पाण्याचा नळ असतो, तेव्हा तिच्यात कोणीही जाऊ नये.

नावे बाजार समितीजवळच्या आमच्या कचेरीत दिवाळीनंतर नोंदवावीत. बायका आणि पोक्त मंडळींनीही यावे. गेल्या खेपेला सर्वांत नीट डोह ओलांडला तो जिनिंगमधल्या एका आजींनी. सामान थोडे: एक जादा कपड्यांचा जोड, तो प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला, पायात रबरी तळाचे बंदाचे बूट, चपला चालणार नाहीत, दोन वेळची भाकरी, ठेचा आणि शेंगदाणे. काठी बांबूची, खांद्याएवढी उंच आणि मुठीत मावेल इतकी जाड. गेल्या वर्षी काही मंडळींनी दुकानातून घडीच्या काठ्या आणल्या होत्या, त्यांपैकी दोन पहिल्याच डोहात मिटल्या. बांबू आमच्याकडे कचेरीत मिळेल.